मोटरहोम घेतलीय? आधी वजनकाट्यावर चला

मोटरहोम घेतली, आता पहिल्यांदा काय बसवू, असं विचारणारे हल्ली बरेच भेटतात. पेट्रोल पंपावर, सौंदत्तीला डोंगरावर, जांबोटीत चहाला थांबलो तिथं, गाडी उभी केली की माणसं येतात, दारातनं आत डोकावतात आणि विचारतात सोलर किती वॉटचं, एसी आहे काय, फ्रीज चालतो काय. टायर कुठल्या साली बनलेत हे अजून कुणी विचारलेलं नाही आणि मला तर सगळ्यात आधी तेच सांगायचं असतंय. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय, बेळगाव, खानापूर, चंदगड, निपाणी, चिक्कोडी ह्या आपल्या पट्ट्यात गाडी फिरवणाऱ्यांसाठी. बाहेरदेशातले व्हिडिओ बघून लोक जे सामान मागवतात त्यातलं निम्मं आपल्याकडं लागतच नाही, आणि आपल्याकडं जे लागतंय त्याबद्दल त्या व्हिडिओत कोण बोलत नाही.

आमची गाडी फोर्सची ट्रॅव्हलर, सेकंड हँड, आतलं बेड-किचन आधीच्या मालकानं करून घेतलेलं. मुद्दाम ट्रॅव्हलरच शोधली. अॅम्ब्युलन्स, स्कूल बस, वऱ्हाडाच्या गाड्या, सगळीकडं हीच, त्यामुळं कुठल्याही तालुक्याच्या गावात हिच्यावर हात बसलेला मिस्त्री सापडतो आणि फिल्टर, फॅन बेल्ट, ब्रेकचे लायनर असलं सामान सहसा लगेच मिळतं. मोटरहोमला हे फार महत्त्वाचं आहे बघा, कारण साधी कार गॅरेजला टाकून आपण घरी जातो, इथं घरच गॅरेजात जाऊन बसतंय, सोबत आई, पोरं, फ्रीजमधलं दही सगळं तिथंच.

आता वजन. गाडी हातात आली की पहिला खर्च वजनकाट्यावर करा, एवढा स्वस्त आणि एवढा उपयोगाचा खर्च दुसरा नाही. आपला भाग उसाचा, त्यामुळं काटे शोधायला लागत नाहीत, संकेश्वर, निपाणी, चिक्कोडी, गोकाक कुठल्याही रस्त्याला सापडतोय. फक्त गळीत हंगामात जाऊ नका, ट्रॅक्टरची रांग असते, उन्हाळ्यात जावा. जाताना पाण्याची टाकी भरून, डिझेल फुल, सिलेंडर, गाद्या, भांडी आणि रोज जेवढी माणसं बसतात तेवढी सगळी बसवून जायचं, रिकाम्या गाडीचं वजन काय कामाचं नाही. काट्यावरच्या मामांना मी म्हटलं, मामा, आधी फक्त पुढची चाकं घेतो, मग पूर्ण गाडी, मग नुसती मागची. ते म्हणाले, "एवढं कशाला, एकदाच घ्या की." मग त्यांना समजावून सांगितलं की मला एकूण वजनापेक्षा कुठल्या अॅक्सलवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या कुठल्या जोडीवर, किती आहे ते बघायचंय, तर त्यांनी स्वतः बाहेर येऊन हात दाखवून चाक बरोबर कडेला थांबवलं आणि तिन्ही पावत्या काढून दिल्या. त्या पावत्या आणि आरसीवर लिहिलेलं ग्रॉस वेट (भरलेल्या गाडीला चालणारं जास्तीत जास्त वजन) समोरासमोर धरलं की निम्मे प्रश्न सुटतात. जमीन सपाट असली तर एका बाजूची चाकं पण वेगळी घेऊन बघा. आमच्या गाडीत किचन, पाण्याची टाकी, बॅटऱ्या सगळं डाव्या अंगाला होतं, गाडी डाव्या बाजूला झुकलेली नुसत्या डोळ्याला दिसत नव्हती पण काट्यानं लगेच सांगितलं. बॅटऱ्या उजवीकडं ड्रायव्हर सीटच्या मागं आणल्या, टूल बॉक्स उजवीकडं आणला, घाटातल्या वळणाला गाडीचा डोल लगेच कमी झाला.

वजन जास्त आलं की मिस्त्री हमखास सांगतात, कमानपाट्यात (लीफ स्प्रिंगमध्ये) एक पाटा वाढवू. तसं करून मागची बाजू वर येते, दिसायला बरं वाटतं, पण पाटा वाढवल्यानं अॅक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि टायर ह्यांची ताकद एक किलोनं पण वाढत नाही. आधी सामान कमी करा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, घाट चढायचा असला तर खाली टाकी फुल भरून कशाला न्यायची, वर पोचल्यावर विहिरी-नळ आहेतच. सामान काढून झाल्यावर पण मागनं बसत असली तर पाटे उतरवून बघून घ्या, तुटलेला पाटा, झिजलेला बुश सापडतोयच. आणि बुश, पिन, ब्रॅकेट असलं काय पण बनवून घ्यायचं असलं तर आपण नशीबवान आहोत, बेळगावच्या उद्यमबागेत लेथ, मिलिंग, फाऊंड्री सगळं एका हाकेवर आहे. नमुना हातात द्या, माप बरोबर घेऊन तसाच करून देतात. आमच्या पायरीचा ब्रॅकेट, स्टेपनीचा स्टँड, टाकी आवळायचे पट्टे सगळं तिथंच करून घेतलंय आणि बाहेरनं मागवलेल्या मालापेक्षा दणकट आहे.

टायर. मोटरहोमचे टायर झिजून जात नाहीत, वयानं जातात. गाडी वर्षातनं थोडी चालते, बाकी वेळ वजन घेऊन उन्हात एका जागी उभी, त्यामुळं नक्षी नवीन दिसते आणि रबर आतनं वाळलेलं असतं. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, २३२१ असलं तर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कितीही चांगली असू दे, बदला, आणि स्टेपनीचा पण आकडा वाचा, तिला तर कोण बघतच नाही. हवा किती ठेवायची ते काट्यावरच्या अॅक्सल वजनावरनं आणि कंपनीच्या चार्टवरनं ठरवा. हवा भरायचा १२ व्होल्टचा पंप घेताना पण बघा, कारसाठीचे छोटे पंप ३०-३५ पीएसआयला बरे, आपल्या टायरला त्याच्या दुप्पट लागते, तिथं ते तापून बंद पडतात, म्हणून दोन सिलेंडरचा, थेट बॅटरीला क्लिप लावायचा घ्या. आणि टायर प्रेशर दाखवणारे सेन्सर, व्हॉल्व्हच्या टोपीसारखे फिरवून बसवायचे येतात ते. सगळ्या अपग्रेडमध्ये मला विचाराल तर पहिला नंबर ह्याचा. हळूहळू हवा जाणारं मागचं चाक ड्रायव्हरला कळत नाही, तो सेन्सर ओरडतो.

जॅकबद्दल एक सांगतो. हायड्रॉलिक बॉटल जॅक ५ टनाच्या खालचा घेऊ नका आणि त्याच्याखाली ठेवायला जाड फळी कायम गाडीत पाहिजे. खानापूर-चंदगडकडच्या जांभ्यावर काय वाटत नाही, पण गोकाक, बैलहोंगल, सौंदत्तीकडं काळी माती लागली आणि वळीव पडला की जॅक नुसता आत जातोय, गाडी वर येतच नाही. तिकडं मुक्काम करताना पण आभाळाकडं बघून गाडी लावा. संध्याकाळी वावराच्या कडेला मस्त कोरडी जागा दिसते, रात्री एक सर पडली की सकाळी ट्रॅक्टर बोलवायला लागतोय. डांबरीचा किंवा मुरमाचा आधार मागच्या चाकांना असेल असंच उभं करायचं, आणि तोंड बाहेरच्या बाजूला.

घाट. आपण सपाटीची माणसं नाही, गोव्याला जायचं तर चोर्ला नाहीतर अनमोड, सावंतवाडीकडं जायचं तर आंबोली, तिलारीचा घाट तर उतार आणि वळणं बघता जड गाडीला मी सांगतच नाही. जो घाट ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरायचं हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम मोटरहोमला तंतोतंत लागू आहे. न्यूट्रल मारून किंवा इंजिन बंद करून उतरायचं नावच काढू नका, ब्रेकचा बूस्टर आणि स्टिअरिंगची पॉवर दोन्ही इंजिनावर चालतात. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर जास्तच, आणि लांब उतारावर ब्रेक तापला की ते पाणी आत उकळतं, पेडल एकदम खाली बसतं. ह्याला उपाय म्हणजे दर दोन वर्षांनी सगळं ऑईल बदलून हवा काढून घेणं. ब्रेक ऑईलच्या डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिलंय तेच. हे काम खिशाला फार जड नाही आणि लोक ते सोडून अलॉय व्हील बघत बसतात.

चोर्ल्याला आमची गाडी बंद पडली ती गोष्ट सांगतो, त्यातनं काय काय सामान लागतं ते कळेल. गोव्याहनं येत होतो, साखळी, केरी मागं टाकून घाट चढताना टेंपरेचरचा काटा नेहमीच्या जागेवरनं सरकला, पाठोपाठ बोनेटमधनं वाफ आणि कूलंटचा तो गोड वास. वरचा रेडिएटर होज क्लिपच्या जवळच फाटला होता. गाडी वळणाच्या पुढं जिथं दोन्हीकडनं दिसेल अशा जागी घेतली, हँडब्रेक, चाकामागं दगड, माणसं सगळी डोंगराच्या बाजूला खाली उतरवली, मागं लांब त्रिकोण ठेवला. मोबाईलला रेंज नव्हती. रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही, उकळतं पाणी दाबानं तोंडावर येतंय, म्हणून थांबलो, आईनं तोवर आतल्या शेगडीवर चहा ठेवला. पाऊण एक तासानं हात लावण्याइतकं थंड झालं. फाटलेला भाग टोकालाच होता, ब्लेडनं दोन बोटं होज कापला, उरलेला ओढून परत बसला, नवीन क्लिप आवळली. दुधाचा टेम्पो चालवणारे एक काका थांबले होते, त्यांनी टॉर्च धरला आणि बेळगावकडचे आहात काय विचारून सरळ आपली पाण्याची कॅन काढून दिली. पाणी भरून, इंजिन चालू ठेवून हवा काढून, परत भरून, हळूहळू कणकुंबीपर्यंत आलो, तिथं परत थंड करून पातळी बघितली आणि मग घरी.

नंतर बेळगावात ऑटोनगरला वरचा, खालचा, बायपासचा सगळे होज एकदम बदलून घेतले. एक होज वयानं गेला म्हणजे बाकीचे पण त्याच वयाचे. थर्मोस्टॅट, फॅन बेल्ट, रेडिएटरचं झाकण पण त्याचवेळी. झाकण ही छोटी वस्तू पण तिच्या स्प्रिंगवरच सिस्टीमचा दाब टिकतो, दाब टिकला नाही तर पाणी लवकर उकळतं. आणि कूलंट कमी झालं की बझर वाजेल असा सेन्सर बसवून घेतला. ह्याचं कारण महत्त्वाचं आहे, पाणी सगळंच निघून गेलं तर टेंपरेचरचा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो, ड्रायव्हरला वाटतं गाडी थंड झाली आणि तो इंजिनचं हेड जाळून बसतो. गाडीत आता कायम दोन मापाच्या होज क्लिपा, जुन्यातला चांगला होज, बेल्ट, डिझेल फिल्टर, फ्यूज, पाच लिटर पाणी, सेल्फ-फ्यूजिंग रबर टेप आणि हेडलॅम्पसारखा डोक्याला लावायचा टॉर्च असतो. डिझेल फिल्टर बदलला की एअर लॉक, म्हणजे पाईपात अडकलेली हवा, काढायला लागतो, हातपंप कुठं आहे आणि कसा मारायचा ते मिस्त्रीकडनं एकदा बघून स्वतःच्या हातानं करून घ्या. मदतीला फोन नॅशनल हायवेवर असाल तर १०३३, बाकी कुठंही ११२.

अजून एक, आणि हे मी कळकळीनं सांगतोय. गाडी दुरुस्त झाली की मागं लावलेले दगड आणि झाडाच्या फांद्या रस्त्यावरनं उचलून बाजूला टाका. घाटात धुक्यात बाईकवाला त्या दगडावर येतो. चाकामागचा दगड पण तिथंच सोडून जाऊ नका. रात्री हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्या मागं लाईट नसताना चालतात तो एक वेगळाच धोका, चिक्कोडी-अथणीकडं अंधार पडल्यावर मी गाडी चालवायचंच टाळतो. जायलाच लागलं तर हेडलाईटला रिले (बॅटरीचा करंट थेट बल्बला सोडणारा स्विच) टाकलेलं वायरिंग करून घ्या, जुन्या गाड्यांत स्विचमधनं फिरून येईपर्यंत व्होल्टेज पडलेलं असतं, रिले टाकला की तोच बल्ब चांगला पेटतो.

इथपर्यंत गाडीचं झालं, आता घराचं, म्हणजे करंटचं. बॅटरी किती घ्यायची ते दुकानदाराला विचारू नका, कागद घ्या. फ्रीज ४५ वॉटचा, निम्मा वेळ चालतो धरलं तर दिवसाला ५४० वॉट-अवर. २० वॉटचे दोन पंखे आठ तास, ३२०. लाईट ५०. मोबाईल, लॅपटॉप १५०. झाले १०६०. लिथियम फेरो फॉस्फेटची १०० एएच (अँपिअर-अवर) बॅटरी १२.८ व्होल्टनं १२८० वॉट-अवर, त्यातलं ८० टक्के वापरायचं म्हटलं तर १०२४, म्हणजे एक बॅटरी जवळपास एक दिवस, दोन बॅटऱ्या जवळपास दोन दिवस. इन्व्हर्टरची घरगुती ट्यूब्युलर बॅटरी घातली तर तिची निम्मीच वापरायची, वजन दुप्पट-तिप्पट, आणि घाटात ॲसिड हिंदकळतं ते वेगळं. त्यामुळं लिथियमला पैसे घालणं पटतं. बाहेरच्या व्हिडिओत थंडीत लिथियम चार्ज होत नाही म्हणून हीटर लावलेली बॅटरी घ्या सांगतात, शून्याच्या खाली तापमान गेलं तर तो प्रश्न, आपल्याकडं तो कधीच येणार नाही, त्याला जादा पैसे देऊ नका. आपल्याकडं उलट बघायचं, इंजिनच्या उष्णतेपासनं आणि बंद गाडीतल्या एप्रिलच्या उन्हापासनं बॅटरी लांब पाहिजे.

लिथियमला नुसता व्होल्टमीटर लावून काय कळत नाही, जवळपास संपेपर्यंत व्होल्टेज तेवढंच दाखवते, आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा शंटवाला बॅटरी मॉनिटर लागतोय. आणि डायनामोची वायर थेट लिथियमला जोडू नका, ती बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते आणि डायनामो तापून जातो. मध्ये करंटवर मर्यादा ठेवणारा डीसी टू डीसी चार्जर टाकायचा. ३० अँपिअरचा असला तर तीन तास ड्रायव्हिंगमध्ये ९० एएच परत येतात. आपल्याकडं हा सोलरपेक्षा भरवशाचा, कारण जून ते सप्टेंबर कणकुंबी-आंबोलीकडं ऊन कुठलं, ४०० वॉटचं पॅनल टपावर नुसतं भिजत असतंय. उन्हाळ्यात मात्र तेच पॅनल एमपीपीटी कंट्रोलरवर (पॅनलमधनं जास्तीत जास्त पॉवर काढणारा) दिवसाचा सगळा खर्च भरून काढतं, फक्त आंब्याच्या सावलीत गाडी लावली की संपलं, एका कोपऱ्यावर सावली पडली तरी करंट निम्म्याच्या खाली येऊ शकतो. सावली पाहिजे की करंट हे रोज ठरवायला लागतंय.

वायरिंगबद्दल जरा जास्त लिहितो कारण इथंच आगी लागतात. आमचा फ्रीज रात्री बंद पडायचा, बॅटरी भरलेली असताना. मल्टिमीटर घेतला, बॅटरीवर १२.८, फ्रीजच्या पिनवर फ्रीज चालू असताना १२ च्या आसपास. कंपनीची चूक काय नव्हती, आधीच्या वायरमननं घरात वापरतात ती दीड स्क्वेअर एमएमची वायर सहा मीटर फिरवून आणली होती. घरात २३० व्होल्टला ते चालतं, १२ व्होल्टमध्ये तेवढ्याच वॉटला करंट वीसपटीच्या जवळपास जातो आणि वायरमध्येच व्होल्टेज संपतं, कॉम्प्रेसर सुरू होताना अजून पडतं, मग फ्रीज स्वतःला वाचवायला बंद होतो. ६ स्क्वेअर एमएमची टाकली, विषय संपला. १००० वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण लोडला १२ व्होल्टवर १०० अँपिअरच्या जवळ खेचतो, त्याला ३५ स्क्वेअर एमएमची वेल्डिंग केबलसारखी मऊ केबल, लांबी कमीत कमी, आणि लग, म्हणजे केबलच्या टोकाचे धातूचे कान, हायड्रॉलिक क्रिम्पिंगनंच दाबलेले पाहिजेत. हातोडीनं ठोकलेला लग खडखडाटानं सैल होतो, सैल जोड तापतो. बॅटरीच्या प्लसवर वीतभर अंतरात एएनएल किंवा क्लास टी फ्यूज (जास्त करंटचे फ्यूज असतात ते). वायर पत्र्यातनं जिथं जाते तिथं रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी रिंग. ह्या तीन गोष्टी रात्री शांत झोप देतात.

इंडक्शन आणि एसीचं सगळ्यांना लई आकर्षण. १८०० वॉटचं इंडक्शन १२ व्होल्टवर दीडशेच्या वर अँपिअर मागतं, तेवढी बॅटरी, तेवढी केबल, तेवढं वजन. एसी रात्रभर चालवायचा तर चार-पाच युनिट. बेळगाव समुद्रसपाटीपासनं साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, मे महिन्यात पण रात्री पंखा पुरतो. टपावर उलटसुलट फिरणारा एक्झॉस्ट पंखा बसवा, खिडकी थोडी उघडी ठेवून तो बाहेर ओढायला लावा, मच्छरदाणी घट्ट करा, एसीची आठवण येत नाही. कोकणात मे महिना काढायचा विचार असेल तर वेगळी गोष्ट, तिथं लॉजला किंवा ओळखीच्यांच्या घरी बोर्ड मिळतो तिथं प्लग लावून एसी चालवा.

पण टपाला भोक पाडलं की पाणी आलं. पंखा, सोलरच्या पायाचे बोल्ट, केबलची एंट्री, सगळीकडं लोक सिलिकॉन फासतात आणि ते गाडीच्या हादऱ्यानं वर्षा-दोन वर्षांत कड सोडतं. जुनं सगळं खरवडून, थिनरनं पुसून, खाली ब्यूटाइल टेप आणि वरनं पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. जुन्या सिलिकॉनच्या थरावर काहीच चिकटत नाही, म्हणून खरवडायला आळस करू नका, अर्धा दिवस जाऊ दे. मृग लागायच्या आधी एक माणूस टपावर पाईप घेऊन आणि एक माणूस आत टॉर्च घेऊन, एकेका जोडावर पाच-पाच मिनिटं पाणी मारायचं. आमच्यात आत बायको असते आणि तिची नजर तेज आहे, प्लायच्या कडेला रंग जरा गडद झाला तरी सांगते. पाणी जिथं आत दिसतं तिथंच वर भोक असतंय असं नाही, ते पत्र्यावरनं सरकत येतं, म्हणून वरच्या टोकापासनं सुरुवात. प्लाय बदलायची वेळ आली तर आयएस ७१० चा मरीन प्लायच घ्या. गादीखालच्या फळीला भोकं पाडून हवा जायला जागा ठेवा, नाहीतर श्रावणापर्यंत गादीला खालनं बुरशी.

गॅसचं थोडक्यात. ५ किलोचा सिलेंडर, उभा, पट्ट्यानं आवळलेला, त्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साठतो. गॅसचा अलार्म पण म्हणूनच खाली जमिनीजवळ. सुरक्षा पाईपवर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी बदला, जोडाला साबणाचं पाणी महिन्यातनं एकदा. चालत्या गाडीत रेग्युलेटर बंद. एबीसी पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर दाराजवळ, बेडच्या मागं नको.

कागदाचं पण सांगतो. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं गाडीत मनानं बदल करता येत नाहीत, मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस १२४ हे वेगळं स्टँडर्ड आहे. सेकंड हँड घेताना आरसीवर बॉडी टाईप काय लिहिलाय ते वाचा, इन्शुरन्स कंपनीला आतलं सामान लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळेला अडकतं. केए २२, म्हणजे बेळगाव पासिंगची गाडी, घेऊन आपण रोज कोल्हापूर, सिंधुदुर्ग, गोवा करतो, तीन राज्यांत चेकिंगला कागद एका फाईलमध्ये असले की दोन मिनिटांत सोडतात.

पाणी आणि संडास. कॅसेट टॉयलेट (खालची टाकी बाहेर काढता येते ते) रिकामं करायचं ते सेप्टिक टँक असलेल्या संडासातच, पंपावर किंवा लॉजवर विचारून. सांडपाण्याची टाकी ओढ्यात सोडू नका. आपल्या कणकुंबीत मलप्रभेचा उगम आहे, तिथनं पाणी सौंदत्तीच्या नवीलतीर्थ धरणात जातं आणि कितीतरी गावं ते पितात, म्हादई पण ह्याच खानापूर तालुक्यातनं निघते. तिथं गाडी लावून साबणाचं पाणी सोडलेलं मी बघितलंय आणि जाऊन बोललो पण, त्यांनी ऐकलं. भीमगडच्या अभयारण्यात तर परवानगीशिवाय मुक्कामाचं नावच नको. मुक्कामाला गावात कुणाच्या तरी खळ्याशेजारी विचारून राहिलेलं सगळ्यात बरं. "काका, रात्रीपुरती गाडी लावू का, सकाळी लवकर जातो," एवढं विचारलं की पाणी पण मिळतंय आणि बहुतेक वेळा ताक पण. पूर्वेकडं गेलात तर दोन वाक्यं कन्नडमध्ये बोला, माणसं लगेच जवळची होतात. डोंगराला यल्लम्माच्या यात्रेला आपली माणसं बैलगाड्या घेऊन जायची, वावरात चुली मांडून राहायची, आईनं ते लहानपणी केलंय, म्हणून तिला आमच्या गाडीत राहणं कधी नवीन वाटलं नाही. चाकाखाली दगड लावायला पण तीच सगळ्यात आधी उतरते.

पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची तर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. पत्र्याची शेड नाहीतर वर बांबूनं उचललेली ताडपत्री. पाण्याची टाकी, पंप आणि पंपाची जाळी रिकामी करून ठेवा. पंधरा दिवसांतनं एकदा इंजिन चालू करून गाडी थोडी पुढंमागं घ्या, टायर एकाच जागी बसत नाहीत, ब्रेक ड्रमला धरत नाहीत. इंजिनची बॅटरी एक दिवस तशीच ठेवून मोजली आणि १२.४ च्या खाली दिसली की चार्जरला लावा. उंदरांसाठी आमच्याकडं निपाणीचं तंबाखूचं पान बोनेटमध्ये ठेवतात, वास ताजा आहे तोवर उंदीर येत नाही म्हणतात, पण पावसाच्या हवेत आठवड्या-दोन आठवड्यांत वास जातो, पान बदलत राहायला लागतंय. त्यापेक्षा खालनं केबल जिथं आत शिरते ती सगळी भोकं बारीक स्टीलच्या जाळीनं बुजवून घेतली. यंदा दसऱ्याच्या आधी मागचे लायनर उघडून बघायचेत आणि ब्रेक ऑईलला पण दोन वर्षं होतायत, ते झालं की मग दुसऱ्या बॅटरीचा विचार.